पहिल्या नंबरचे महादेवराव

वाडीला अमरावती रोडच्या कडेनं ट्रान्सपोर्टवाल्यांची गोदामं एकाला एक चिकटून उभी आहेत. त्यातल्या एका गोदामात महादेवराव गावंडे सत्तावीस वर्षांपासून माल उतरवून घेतात आणि पुढे लावून देतात. यात काय मोठं, असं कोणाला वाटत असेल तर त्यानं एक दिवस तिथे उभं राहून दाखवावं. सकाळी आठला तीन ट्रक पाठ लावून उभे असतात. आतून कुकरची खोकी, सायकलचे टायर, औषधांच्या पेट्या, कोण्या नवरीचं ड्रेसिंग टेबल असं सगळं एकदम बाहेर येतं. त्यातलं यवतमाळचं कोणतं, चंद्रपूरचं कोणतं, हे ड्रायव्हरचा चहा संपायच्या आत ठरवावं लागतं.

महादेवराव ते ठरवायचे. शर्टाच्या खिशात कायम खडू. यवतमाळच्या मालावर गोल, चंद्रपूरच्या मालावर त्रिकोण, गोंदियाला दोन आडव्या रेघा. ही चिन्हं त्यांनीच बसवलेली. हमालांचे मुकादम भैय्याजी सांगायचे की आमच्यातल्या अर्ध्या लोकांना वाचता येत नाही, पण महादेवरावांचा त्रिकोण झोपेतही ओळखता येतो. एकदा पुसदच्या एका दवाखान्याची पेटी बिल्टीशिवाय आली. बिल्टी म्हणजे मालासोबतचा कागद. तो नसला की माल अनाथ. महादेवरावांनी पेटीवरची पट्टी पाहिली आणि म्हणाले, "मागच्या पोळ्याले जे मशीन आलं होतं ना, त्याचंच हे भावंड आहे. पुसदच्या गाडीत टाका." आणि ते खरं निघालं.

उमरेडकडच्या गावात त्यांचे दोन भाऊ अजून सोयाबीन काढतात. हे मधले. शिकून नागपूरला आले, मनीषनगरात दोन खोल्यांचं घर बांधलं, मुलीचं लग्न केलं. आता रिटायरमेंटला चार वर्षं राहिली होती. लांडीलबाडीच्या धंद्यात आपण हातचं राखून काही केलं नाही, हा त्यांचा अभिमान होता, आणि तो त्यांना शोभायचाही.

मग स्कॅनर आला.

मोबाइलपेक्षा जाडजूड, हातात धरायचं यंत्र. खोक्यावरच्या पट्ट्यांसमोर धरायचं आणि बटण दाबायचं. बरोबर असलं की हिरवा दिवा आणि एक गोड आवाज. चुकलं की लाल दिवा आणि असा टींटींटीं आवाज, की समोरच्या ढाब्यावरचा माणूसही मान वळवून बघेल. शिकवणी वीस मिनिटांची. पुण्याहून कोणीतरी पडद्यावर बोललं, आणि मॅनेजर विक्रम म्हणाला, "झालं. उद्यापासून सुरू. खडू बंद."

विक्रम तिशीतला. माणूस वाईट नव्हता. घाईत होता, एवढंच. पण घाईतला माणूस दुसऱ्याच्या पायावर पाय देतोच. त्यानं मोबाइलवर एक ग्रुप काढला आणि त्यावर दर तासाला यादी टाकायला लागला: कोणी किती वेळा स्कॅन केलं. वरची नावं हिरवी, खालची लाल. लाल नावापुढे रागानं फुगलेला एक पिवळा चेहरा. कोणी काही विचारलं तर उत्तर ठरलेलं, "ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं." दुसऱ्या आठवड्यापासून कोणी काही विचारेनासं झालं.

पहिल्या दिवशी महादेवरावांचं नाव सगळ्यात खाली होतं. दुसऱ्या दिवशीही. ज्या माणसाला विचारल्याशिवाय गोदामातली काडी इकडची तिकडे होत नव्हती, त्याच्या नावापुढे फुगलेलं तोंड. हात थरथरायचा, थरथरला की पट्टी वाचली जायची नाही, नाही वाचली की टींटींटीं, आणि तो आवाज झाला की हात आणखी थरथरायचा. तास संपायला दहा मिनिटं उरली की नजर घड्याळावरून हटत नसे.

घरीही तेच. कुकरची शिट्टी झाली की हात खिशाकडे जायचा. त्यांची बायको तारा एक दिवस म्हणाली, "अहो, कुकर आहे तो. त्याले काय स्कॅन करता?" हसली, पण यांचा चेहरा पाहून लगेच थांबली.

एका रविवारी ते म्हणाले, "तारा, मी सोडतो नोकरी."

"काहून? एवढ्याशा मशीनले घाबरता का तुम्ही?"

"मशीनले नाही वं," महादेवराव म्हणाले. "यादीले."

ताराला यादी म्हणजे किराण्याची ठाऊक. तिनं त्यांना पुन्हा भात वाढला. त्यांनी तो ताटात तसाच ठेवला, आणि मनीषनगरच्या त्या घरात अन्न टाकलं गेलं असं बहुधा पहिल्यांदाच झालं.

नोकरी सोडायची वेळ आली नाही. त्याआधी खोकं भेटलं.

तिसऱ्या गाळ्यात एक खोकं चार महिन्यांपासून पडून होतं. आत प्लास्टिकची फुलं. ज्या दुकानाच्या नावानं ते आलं ते बंद पडलेलं, पाठवणारा फोन उचलत नव्हता. एका दुपारी चारला दहा कमी असताना महादेवरावांचा आकडा होता अकरा. घाबरून त्यांनी समोर आलं ते स्कॅन केलं, ते हे खोकं, आणि चुकून चौथ्या गाळ्यात गेल्याची नोंद केली. हिरवा दिवा. अरे, हे तर तिसऱ्यातच आहे, म्हणून परत तिसऱ्यात आल्याची नोंद केली. पुन्हा हिरवा दिवा. आकडा तेरा.

महादेवराव खोक्याकडे बघत राहिले. खोकं जागचं हललं नव्हतं. यंत्राच्या लेखी मात्र ते जाऊन परत आलं होतं.

चार वाजता त्यांचं नाव हिरवं झालं.

आता यात खोटं काय, असं त्यांनी स्वतःला समजावलं. खोकं गोदामातच आहे, गोदामातच राहिलं, कोणाचं काही गेलं नाही. माणूस स्वतःला समजावायला लागला की वकिलाची गरज पडत नाही. त्यांनी ते खोकं उचलून आपल्या खुर्चीशेजारी आणून ठेवलं. मग दर तासाच्या शेवटी दहा मिनिटं एकच काम: तीनमधून चारमध्ये, चारमधून तीनमध्ये. खोक्यावर एक ओरखडा नाही, पण नोंदीत त्याला पायाला भिंगरी लागलेली. कधीकधी सकाळी ते खोकं खुर्चीपासून जरा दूर सरकलेलं दिसायचं. झाडूवाल्यानं सरकवलं असेल म्हणून महादेवराव ते परत ओढून घ्यायचे.

दोन महिन्यांत ते कंपनीच्या बाराही गोदामांत पहिले आले. वरच्या लोकांना एकच आकडा दिसायचा, आणि आकडा हिरवा असला की आत कोण डोकावतो? विक्रमनं केक आणला. महादेवरावांचा हार घातलेला फोटो भिंतीवर लागला. "पहा, चोपन्न वर्षांचा माणूस करू शकतो, तर तुम्हाला काय धाड भरली?" असं विक्रम बाकीच्यांना म्हणाला. महादेवरावांनी आपला केकचा तुकडा भैय्याजींच्या हातात दिला. हार घातलेला आपला फोटो बघून त्यांना वाटलं, यापेक्षा लाल नाव बरं होतं.

या यशावर विक्रम बढती घेऊन पुण्याला गेला. त्याच्या जागी चारुशीला देऊळकर आल्या.

मूळच्या वर्ध्याच्या. चाळीस-बेचाळीस वय, बोलणं भराभर, चष्मा कायम डोक्यावर आणि शोध कायम टेबलावर. पहिल्याच दिवशी त्या फलाटावर आल्या, कारकून कृष्णकांतच्या हातून स्कॅनर घेतला आणि सगळ्यांसमोर एक खोकं स्कॅन केलं. टींटींटीं. दुसरं केलं. टींटींटीं. तिसऱ्यालाही तेच.

"काहून बोंबलून राहिलं हे?" त्या म्हणाल्या.

हमाल हसले. मॅनेजरवर हसलो हे लक्षात येऊन गप्प झाले. पण बाई स्वतःच हसत होत्या. कृष्णकांतनं यंत्र कसं धरायचं ते दाखवलं. "अजून एकदा दाखवा जी. मले पहिल्यांदा सांगितलेलं कधी समजत नाही," असं म्हणून त्यांनी चार वेळा विचारलं. जे प्रश्न सगळ्यांच्या पोटात दोन-दोन महिने पडून होते ते त्या दिवशी बाईंच्या तोंडून निघाले, आणि सगळे कान देऊन उत्तरं ऐकत उभे राहिले.

दर तासाची यादी त्यांनी ग्रुपवर टाकली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी खडूचा डबा घेऊन आल्या आणि महादेवरावांपुढे ठेवला. "भैय्याजी सांगत होते तुमच्या खुणांचं. स्कॅन तर करायचंच आहे, पण खुणा बंद कोणी केल्या? मलेही शिकवा." महादेवरावांनी गोल, त्रिकोण, दोन रेघा शिकवल्या. बाई गोंदियाच्या रेघा सारख्या उभ्या काढायच्या.

आणि एक रीत त्यांनी सुरू केली. साडेदहाच्या चहाला प्रत्येकानं कालची एक चूक सांगायची. सुरुवात स्वतःपासून. "काल मी गोंदियाचे कागद चंद्रपूरच्या ड्रायव्हरच्या हातात दिले. तो बिचारा उमरेड नाक्यावरून परत आला." पहिले दोन दिवस बाकीचे चहाच्या कपात बघत राहिले. तिसऱ्या दिवशी भैय्याजींनी एक चूक सांगितली. मग तर चुका सांगायला नंबर लागायला लागले, आणि कोणाची जास्त मजेदार यावर हशा पिकायला लागला. शिक्षा नाही. चूक ऐकून बाई एकच विचारायच्या, "मग आता काय करू या?"

महादेवराव याच चहावर यंत्र शिकले. पट्टी खोक्याच्या कडेवर दुमडली गेली असेल तर लाल दिवा लागतो, प्लास्टिक चमकत असेल तर यंत्र जरा तिरपं धरावं, हे त्यांचं त्यांनाच उमगलं आणि मग त्यांनी ते इतरांना दाखवलं. हात थरथरायचा थांबला. दोन महिन्यांत गोदामात हरवणाऱ्या मालाच्या तक्रारी महिन्याला एकोणीसवरून दोनवर आल्या. खोक्याला तर त्यांनी परत हातही लावला नाही. पण साडेदहाला रोज त्यांची पाळी आली की ते एखादी किरकोळ चूक सांगायचे आणि खरी गिळून टाकायचे. सत्तावीस वर्षं कमावलेलं नाव. ते गेलं तर राहिलं काय?

एका सोमवारी बाई म्हणाल्या, "महादेवराव, पुण्याहून केयूर म्हणून साहेब येऊन राहिले गुरुवारी. तुमच्या कामाचा व्हिडिओ काढणार आहेत. तुमचा जुना आकडा आहे ना, तोच आता बाराही गोदामांत सगळ्यांना गाठावा लागणार आहे."

महादेवरावांच्या हातातला खडू मोडला.

त्याच संध्याकाळी बुटीबोरीहून गोपिकाचा फोन आला. गोपिका आधी वाडीलाच होती, त्यांच्याच हाताखाली शिकली. आता कंपनीच्या बुटीबोरीच्या गोदामात कापडाचा माल बघायची. तिथली यादी अजून दर तासाला वाजत होती.

"काका, तुम्ही कसं केलं सांगा ना मले," ती म्हणाली. "आमचे साहेब तुमचा फोटो दाखवून राहिले रोज. मी जेवाले बसली की टिंग वाजते, की उठलीच. आठ दिवस झाले, डबा तसाच घरी नेऊन राहिली. माय विचारते, काहून जेवत नाही वं? काय सांगू?"

महादेवराव "पाहू पाहू" म्हणाले आणि फोन ठेवला. त्यांनी ताराला सगळं सांगितलं, फुलांच्या खोक्यापासून हारापर्यंत. तारानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमचं नाव जाईल म्हणून तुम्ही घाबरून राहिले. अन् तिकडे त्या पोरीचा जीव जाऊन राहिला, त्याचं काय?"

गुरुवारी केयूर आला. पंचविशीतला, हसरा. त्यानं तीन पायांवर कॅमेरा उभा केला. साडेदहा झाले होते, चहा आलेला. बाई म्हणाल्या, "आधी आमचा चुकांचा चहा होऊ द्या, मग तुमचं काम." त्यांनी आपली चूक सांगितली. मग भैय्याजी. मग महादेवरावांकडे बघितलं.

महादेवराव उभे राहिले. एरवी कोणी उभं राहत नसे.

"माझी चूक कालची नाही," ते म्हणाले. "पाच महिन्यांपूर्वीची आहे. माझा पहिला नंबर खोटा आहे जी. हे फुलांचं खोकं आहे ना, हे मी बसल्या जागी तीनमधून चारमध्ये अन् चारमधून तीनमध्ये फिरवलं. फक्त मशीनमध्ये. यादीत नाव लाल होऊ नये म्हणून. हजार वेळा तरी केलं असन. साहेब, हा आकडा कोणावर लादू नका. तो माणसाचा आकडा नाही, भीतीचा आहे."

हमालांनी माना खाली घातल्या. त्या क्षणी महादेवरावांना खरोखर वाटलं की संपलं सगळं, आता भैय्याजीसुद्धा आपल्या त्रिकोणावर विश्वास ठेवणार नाहीत.

मग कृष्णकांत खाकरला. "हजारच कसे होतील, महादेवराव? माझेच सहाशे आहेत."

"काय?"

"तुमच्या सुट्टीच्या दिवशी मी तेच खोकं वापरत होतो ना. तुमच्या खुर्चीजवळ होतं, म्हटलं हलकं आहे."

मागून दुसरी कारकून काजल म्हणाली, "अन् मी जेवणाच्या सुट्टीत. सरकवून ठेवाची मी त्याले, तुम्ही परत ओढून घ्याचे. मले वाटाचं तुम्हाले समजलं."

भैय्याजी आधी फुटले. पोट धरून हसायला लागले, आणि मग फलाटावर जो हशा उसळला तो ऐकून शेजारच्या गोदामातले लोक बघायला आले. सगळं गोदाम दोन महिने एकाच खोक्याच्या जिवावर हिरवं होतं, आणि प्रत्येकाला वाटत होतं की चोर आपण एकटेच.

बाई मात्र हसत नव्हत्या. "महादेवराव, हे मले आधी सांगायचं होतं," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज कडक होता. "पाहुण्यासमोर समजून राहिलं मले." महादेवरावांनी मान हलवली. "मेमो द्यावा लागेल. तिघांनाही."

"द्या जी."

"आणि एक सांगा. हे कधी करायचे तुम्ही? दिवसभर?"

"नाही. तासाच्या शेवटच्या दहा मिनिटांत."

बाई केयूरकडे वळल्या. "ऐकलंत ना? तासातली दहा मिनिटं माणसं खरं काम सोडून फुलं फिरवत होती. तेवढ्यात यवतमाळचा माल चंद्रपूरला जात होता. महिन्याला एकोणीस तक्रारी उगाच नव्हत्या. आता यादी नाही, तर दोनच तक्रारी आहेत. व्हिडिओ काढायचाच असेल तर याचा काढा."

केयूर कॅमेऱ्याकडे बघत होता. कॅमेरा मघापासून चालूच होता.

मेमो शुक्रवारी मिळाला. सत्तावीस वर्षांतला पहिला. महादेवरावांनी तो घरी नेऊन ताराला वाचून दाखवला. भिंतीवरचा फोटोही खाली आला. आणि शनिवारी एक मोठी पेटी बिल्टीशिवाय आली, तेव्हा भैय्याजी नेहमीसारखे ओरडले, "महादेवरावांना बोलवा गा, तेच सांगतील कुठची ते." महादेवराव गेले, आणि जाताना त्यांना डोळे पुसावे लागले. धूळ फार होती, असं त्यांनी कृष्णकांतला सांगितलं.

पुण्यात काय बोलणं झालं ते वाडीपर्यंत आलं नाही. मोठ्या ऑफिसातून उत्तर लवकर आलं तर ते मोठं ऑफिस कसलं? दहा दिवस काही नाही. अकराव्या दिवशी दुपारी दीडला गोपिकाचा फोन आला.

"काका, मशीन बिघडली का हो तुमच्याकडे? आमच्या ग्रुपवर सकाळपासून यादीच नाही आली. साहेब म्हणतात आता येणारच नाही. काहून बंद झाली, तुम्हाले काही माहीत आहे का?"

महादेवरावांच्या जिभेवर सगळं आलं होतं.

"मले काय माहीत पोरी," ते म्हणाले. "तू काय करून राहिली?"

"जेवून राहिली," गोपिका तोंडात घास घेऊनच म्हणाली.

"मग ठेव फोन," महादेवराव म्हणाले. "सावकाश जेव."